मर्ज करण्याआधी क्लाउडवर काय घडणार ते दाखवणारी पाइपलाइन

पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कोडमधला बदल मुख्य ब्रांचमध्ये घेण्याच्या विनंतीत, एकच ओळ बदललेली असते. आरडीएस या एडब्ल्यूएसच्या सेवेतल्या डेटाबेसवर ‘स्टोरेज एन्क्रिप्टेड’ हे आधी ‘फॉल्स’ होतं, ते ‘ट्रू’ केलंय. असा बदल बघून कुणाचीही मान डोलेल, एन्क्रिप्शनला कोण नाही म्हणणार? पण चालू डेटाबेसचं स्टोरेज जागच्या जागी एन्क्रिप्ट करता येत नाही. त्यामुळे ही ओळ वाचून टेराफॉर्म (कोडनुसार क्लाउडवरची यंत्रणा उभारणारं साधन) ठरवतं की जुना डेटाबेस काढून टाकायचा आणि नवा, रिकामा उभा करायचा. कोडच्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या ओळींच्या फरकात, यातलं काहीही दिसत नाही. प्लॅनमध्ये, म्हणजे क्लाउडवर काय बदलणार याच्या टेराफॉर्मने आधी काढलेल्या यादीत, मात्र ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ या शेऱ्यासकट दिसतं.

असा प्लॅन प्रत्येक पुल रिक्वेस्टवर आपोआप तयार व्हावा, तपासणाऱ्यासमोर यावा आणि मंजुरीनंतर तोच क्लाउडवर लागू व्हावा, अशी पाइपलाइन बांधण्याची पद्धत इथे पायरीपायरीने दिली आहे. प्लॅन चालवून त्याची टिप्पणी टाकणं हे दुपारभराचं काम आहे. माणसाने जे वाचून होकार दिला तेच घडेल, याची हमी देण्यात खरा वेळ जातो. खालच्या बहुतेक पायऱ्या त्या हमीसाठीच आहेत.

उदाहरणं टेराफॉर्म, गिटहब ॲक्शन्स (गिटहबवर जॉब आपोआप चालवणारी सोय) आणि एडब्ल्यूएसची घेतली आहेत. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला, त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू वेगळा निघाला. तो वापरत असाल तर आज्ञेचं नाव सोडून जवळपास सगळं तसंच लागू पडेल. हीच गोष्ट पुलुमीत ‘प्रीव्ह्यू’, सीडीकेमध्ये ‘डिफ’, क्लाउडफॉर्मेशनमध्ये ‘चेंज सेट’ आणि अझूरच्या बायसेपमध्ये ‘व्हॉट-इफ’ या नावाने मिळते. साधन कुठलंही असो, परवानग्यांचा आणि शिळ्या प्लॅनचा प्रश्न सगळीकडे सारखाच.

पायरी १: पाया पक्का करा

स्टेट फाइल (क्लाउडवर काय उभारलंय याची टेराफॉर्मची नोंद) कुणाच्या लॅपटॉपवर असेल तर आधी ती रिमोट बॅकएंडवर, म्हणजे सामायिक साठ्यात, न्या आणि लॉकिंग (एका वेळी एकालाच लिहू देणं) चालू करा. एस३ (एडब्ल्यूएसचा फाइलींचा साठा) बॅकएंडसाठी पूर्वी डायनॅमोडीबीचं वेगळं टेबल लागायचं. टेराफॉर्म १.१० पासून ‘यूज_लॉकफाइल’ या सेटिंगने एस३मध्येच लॉक ठेवता येतं. बकेटवर व्हर्जनिंगही चालू हवं.

मग आवृत्त्या बांधून टाका. टेराफॉर्मची आवृत्ती कोडमध्ये नेमकी लिहा आणि ‘.टेराफॉर्म.लॉक.एचसीएल’ ही प्रोव्हायडरची (क्लाउडशी बोलणाऱ्या प्लगइनची) लॉक फाइल गिटमध्ये ठेवा. इथे एक नेहमीची अडचण येते. लॉक फाइल मॅकवर तयार झालेली असते आणि पाइपलाइन लिनक्सवर चालते. मग काही वेळा लिनक्सच्या प्रोव्हायडरचा चेकसम (फाइल तीच आहे का ते तपासायची खूण) जुळत नाही आणि ‘इनिट’ ही सुरुवातीची आज्ञाच अडते. ‘टेराफॉर्म प्रोव्हायडर्स लॉक’ ही आज्ञा दोन्ही प्लॅटफॉर्मची नावं देऊन एकदा चालवा, म्हणजे दोन्हींचे चेकसम फाइलमध्ये येतील. पाइपलाइनमध्ये ‘इनिट’ला ‘लॉकफाइल=रीडओन्ली’ द्या. नाहीतर काही वेळा पाइपलाइन स्वतःच फाइल बदलते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

एक काम लोक टाळतात. आज, कोड न बदलता, मुख्य ब्रांचवर हाताने प्लॅन चालवा. ‘नो चेंजेस’ आलं तर पुढे जा. बदल दिसले तर ते आधी निस्तरा. टॅगमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ फंक्शन वापरलं असेल, तर प्रत्येक प्लॅनमध्ये तो टॅग बदललेला दिसेल. ऑटोस्केलिंग ज्या आकड्याला हात लावतं तो कोडमध्येही लिहिला असेल, तर त्यावर ‘इग्नोर_चेंजेस’ लागेल. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर तेच तीन खोटे बदल दिसायला लागले की लांडगा आला रे आला अशी गत होते. चौथा बदल खरा असला तरी कुणी वाचत नाही.

पायरी २: परवानग्या

प्लॅन ‘फक्त वाचतो’, म्हणून तो निरुपद्रवी आहे, असा समज फार पसरलेला आहे. प्लॅन चालताना प्रोव्हायडरचा बायनरी कोड चालतो. ‘एक्स्टर्नल’ नावाचा डेटा सोर्स कोडमध्ये असेल, तर त्यात लिहिलेला प्रोग्रॅमही प्लॅनच्याच वेळी चालतो. म्हणजे पुल रिक्वेस्ट उघडू शकणारा कुणीही, एकाही माणसाने मंजुरी देण्याआधी, तुमच्या रनरवर (जॉब चालवणाऱ्या मशीनवर) हवा तो कोड चालवू शकतो. रनरकडे ज्या किल्ल्या आहेत त्या त्याच्याही झाल्या.

म्हणून एडब्ल्यूएसमध्ये दोन वेगळे रोल (परवानग्यांचे संच) करा. एक प्लॅनसाठी, वाचण्यापुरता. दुसरा अप्लायसाठी, म्हणजे प्लॅन लागू करण्यासाठी, लिहिण्याचा. दोन्हींसाठी गिटहबच्या सीक्रेट्समध्ये कायमच्या ॲक्सेस की ठेवू नका, ओआयडीसी वापरा. वर्कफ्लोला ‘आयडी-टोकन: राइट’ ही परवानगी दिली की गिटहब त्या जॉबपुरतं टोकन देतं, आणि एडब्ल्यूएस ते तपासून थोड्या वेळासाठी क्रेडेन्शियल्स देतं.

खरी मेख रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत (रोल कुणाला घेता येईल याच्या नियमांत), टोकनमधल्या ‘सब’ या दाव्यात आहे. पुल रिक्वेस्टवरून चाललेल्या जॉबचा ‘सब’ हा ‘रेपो:संस्था/रिपॉझिटरी:पुल_रिक्वेस्ट’ असा संपतो. मुख्य ब्रांचवरच्या जॉबमध्ये शेवटी त्या ब्रांचचा रेफ येतो. जॉबला एन्व्हायर्नमेंट (‘प्रॉडक्शन’सारखं नाव देऊन गिटहबमध्ये बनवलेला, अटी लावता येणारा टप्पा) जोडलं असेल, तर रेफच्या जागी ‘एन्व्हायर्नमेंट:प्रॉडक्शन’ असा मजकूर येतो. वाचण्याच्या रोलने पहिला आणि दुसरा मान्य करावा, लिहिण्याच्या रोलने फक्त तिसरा. घाईत बरेच जण शेवटी तारांकन टाकून मोकळे होतात. मग कुठल्याही पुल रिक्वेस्टला लिहिण्याचा रोल घेता येतो आणि दोन रोल करण्याचा खटाटोप वाया जातो. उलट बाजूची चूकही होते. ट्रस्ट पॉलिसीत ब्रांचचा रेफ लिहिलेला असतो, नंतर कुणीतरी जॉबला एन्व्हायर्नमेंट जोडतं, ‘सब’ बदलतो आणि रोल घेताना नकार येतो. त्रुटीचा संदेश त्रोटक असल्यामुळे कारण शोधण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो.

वाचण्याच्या रोलला एडब्ल्यूएसची तयार ‘रीडओन्लीॲक्सेस’ पॉलिसी लावावी का? सुरुवातीला चालेल, पण ती एस३मधल्या फाइल्स आणि डायनॅमोडीबीतल्या नोंदीही वाचू देते. म्हणजे ग्राहकांचा डेटासुद्धा. एस३च्या फाइल्स आणि टेबलांतल्या नोंदी वाचण्यावर स्पष्ट ‘डिनाय’ लावा आणि स्टेटच्या बकेटपुरता अपवाद ठेवा. दुसऱ्या बाजूने, ही पॉलिसी सीक्रेट्स मॅनेजरमधल्या गुपिताचं मूल्य वाचू देत नाही. तसं रिसोर्स (टेराफॉर्म सांभाळतं ती क्लाउडवरची वस्तू) कोडमध्ये असेल तर रिफ्रेशच्या वेळी, म्हणजे क्लाउडची खरी अवस्था वाचताना, ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल. परवानगी वाढवण्याआधी ते गुपित टेराफॉर्मच्या स्टेटमध्ये असायलाच हवं का, ते बघा. बहुतेकदा नसतं.

फोर्कवरून, म्हणजे कुणी घेतलेल्या रिपॉझिटरीच्या वेगळ्या प्रतीवरून, आलेल्या पुल रिक्वेस्टला गिटहब सीक्रेट्स देत नाही आणि ओआयडीसी टोकनही देत नाही. हे बंधन जाचक वाटलं की कुणीतरी ‘पुल_रिक्वेस्ट_टार्गेट’ हा ट्रिगर सुचवतं. तो मूळ रिपॉझिटरीच्या अधिकारांनी चालतो. त्यात परक्याचा कोड चेकआउट करून प्लॅन चालवणं म्हणजे घराची किल्ली चोराच्या हातात देणं. फोर्कसाठी ‘फॉरमॅट’ आणि ‘व्हॅलिडेट’ एवढंच चालवा. प्लॅन आतल्या माणसाने कोड वाचून, स्वतःच्या ब्रांचवर आणून चालवावा.

आणखी एक दार उघडं राहतं. ‘पुल_रिक्वेस्ट’ ट्रिगर वर्कफ्लोची फाइल त्याच पुल रिक्वेस्टमधून घेतो. म्हणजे बदल करणारा वर्कफ्लोसुद्धा बदलू शकतो आणि टिप्पणीत हवं ते छापू शकतो. ‘.गिटहब’ फोल्डरवर कोडओनर्सची (त्या फाइलींसाठी नेमलेल्या जबाबदार माणसांची) मंजुरी सक्तीची करा.

पायरी ३: प्लॅनचा जॉब

क्रम असा: चेकआउट, रोल घेणं, ‘फॉरमॅट’ची तपासणी, ‘इनिट’, ‘व्हॅलिडेट’, ‘प्लॅन’. ‘पुल_रिक्वेस्ट’ ट्रिगरवर चेकआउट केलं की गिटहब तुमच्या ब्रांचचं शेवटचं कमिट देत नाही, ती ब्रांच मुख्य ब्रांचमध्ये मिसळून बनलेलं तात्पुरतं मर्ज कमिट देतं. आपल्याला तेच हवं, कारण मर्ज झाल्यावर काय होईल ते बघायचं आहे.

प्लॅनला हे पर्याय द्या. ‘इनपुट=फॉल्स’, म्हणजे एखादं व्हेरिएबल राहिलं तर जॉब प्रश्न विचारत बसणार नाही, लगेच पडेल. ‘नो-कलर’, कारण रंगाची चिन्हं टिप्पणीत कचऱ्यासारखी दिसतात. ‘आउट’, म्हणजे प्लॅन फाइलमध्ये साठेल. आणि ‘डिटेल्ड-एक्झिटकोड’. ‘टीएफ_इन_ऑटोमेशन’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं की ‘आता पुढे ही आज्ञा चालवा’ छापाच्या सूचना कमी होतात.

‘डिटेल्ड-एक्झिटकोड’मुळे तीन उत्तरं मिळतात: ० म्हणजे बदल नाही, १ म्हणजे त्रुटी, २ म्हणजे बदल आहेत. (‘क्यूबसीटीएल डिफ’मध्ये १ म्हणजे फरक आणि १ पेक्षा जास्त म्हणजे त्रुटी. दोन्ही साधनांना एकच स्क्रिप्ट लावू नका.) या तीन उत्तरांवर पाइपलाइन तीन ठिकाणी फसते.

गिटहबचं शेल पहिल्या अपयशाला थांबतं आणि त्याच्या लेखी २ हेही अपयशच. त्यामुळे बदल असलेला प्रत्येक प्लॅन लाल दिसतो. प्लॅनच्या ओळीपुरतं थांबणं बंद करा, कोड एका व्हेरिएबलमध्ये साठवा, पुन्हा चालू करा आणि जॉब फक्त १ आला तर पाडा.

दुसरी फसगत जास्त धोक्याची आहे. आउटपुट पडद्यावरही दिसावं आणि फाइलमध्येही जावं म्हणून प्लॅन पाइपने ‘टी’ आज्ञेकडे पाठवला जातो. पाइपचा एक्झिट कोड शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे ‘टी’चा असतो, आणि तो नेहमी ०. प्लॅन कोसळला तरी जॉब हिरवा! वर्कफ्लोमध्ये शेल ‘बॅश’ असं स्पष्ट लिहिलं तर गिटहब ‘पाइपफेल’ लावतं. काहीच लिहिलं नाही तर लावत नाही. एवढ्या एका शब्दावर हिरवं-लाल अवलंबून आहे. मी तर ‘टी’ टाळतो, थेट फाइलमध्ये लिहितो आणि नंतर फाइल छापतो.

तिसरी ‘सेटअप-टेराफॉर्म’ या ॲक्शनमधली. ती टेराफॉर्मभोवती स्वतःचं वेष्टण घालते, आणि त्यामुळे जेसनमध्ये (प्रोग्रॅमने वाचायच्या आउटपुटमध्ये) अधूनमधून भलत्या ओळी मिसळतात. ‘टेराफॉर्म_रॅपर’ला ‘फॉल्स’ द्या.

लॉकचं काय? पुल रिक्वेस्टवरच्या प्लॅनला मी ‘लॉक=फॉल्स’ देतो. प्लॅन स्टेटमध्ये काही लिहीत नाही, वाचणाऱ्या रोलला लॉक लिहिण्याची परवानगीही लागत नाही, आणि दहा पुल रिक्वेस्ट एकमेकींची वाट बघत बसत नाहीत. त्याच क्षणी कुठे अप्लाय चालू असेल तर चित्र अर्धवट दिसू शकतं. पण मर्जनंतर नवा प्लॅन काढणार असल्यामुळे ते चालतं. वेळ वाचवायला ‘रिफ्रेश=फॉल्स’ मात्र देऊ नका. क्लाउडची खरी अवस्था न बघता काढलेला प्लॅन म्हणजे नुसता अंदाज. प्लॅन फारच संथ असेल तर स्टेटचे तुकडे करायची वेळ आली आहे.

पायरी ४: वाचता येईल अशी टिप्पणी

कच्चा प्लॅन जसाच्या तसा चिकटवला तर दोन अडचणी येतात. गिटहबच्या टिप्पणीची मर्यादा ६५,५३६ अक्षरांची आहे आणि मोठा प्लॅन ती सहज ओलांडतो. शिवाय, चारशे ओळी कुणी वाचत नाही. टिप्पणीची पहिली दोन-तीन वाक्यंच वाचली जातात असं धरून चाला आणि सगळ्यात वाईट बातमी तिथे ठेवा. म्हणजे साधारण असं:

प्रॉडक्शन / ऑर्डर्स: १ नवीन, २ बदल, १ पुन्हा उभारणी, ० काढणे
धोका: ‘ऑर्डर्स’ डेटाबेस काढून नव्याने तयार होणार. कारण: ‘स्टोरेज एन्क्रिप्टेड’मधला बदल.
पूर्ण प्लॅन खाली घडीत. कमिट: (संक्षिप्त क्रमांक), वेळ: (यूटीसी)

हा सारांश माणसांसाठीच्या मजकुरातून शोधून काढू नका. ‘टेराफॉर्म शो’ला ‘जेसन’ पर्याय आणि साठवलेला प्लॅन द्या, मग ‘रिसोर्स_चेंजेस’ या यादीतून आकडे काढा. प्रत्येक नोंदीत ‘चेंज’खाली ‘ॲक्शन्स’ असतात. नवीन म्हणजे ‘क्रिएट’, बदल म्हणजे ‘अपडेट’, काढणं म्हणजे ‘डिलीट’, काही नाही म्हणजे ‘नो-ऑप’. पुन्हा उभारणीला वेगळा शब्द नाही. तिथे ‘डिलीट’ आणि ‘क्रिएट’ असे दोन शब्द येतात, आणि आधी नवं उभारून मग जुनं काढायचं असेल तर क्रम उलटा. नेमका ‘डिलीट’ हाच एकटा शब्द शोधणारी स्क्रिप्ट पुन्हा उभारणी सोडून देते, म्हणजे वरचा डेटाबेस तिच्या नजरेतून निसटतो. यादीत ‘डिलीट’ कुठेही आहे का ते तपासा. पुन्हा उभारणीचं कारण ‘रिप्लेस_पाथ्स’मध्ये मिळतं.

सारांशात मूल्यं घालू नका. माणसांसाठीच्या आउटपुटमध्ये संवेदनशील मूल्यं झाकलेली असतात, पण जेसनमध्ये तीच उघडी येतात, सोबत ‘ही संवेदनशील आहेत’ एवढी खूण. साठवलेल्या प्लॅन फाइलचंही तेच. ती आर्टिफॅक्ट म्हणून गिटहबवर टाकली तर रिपॉझिटरी वाचू शकणारा कुणीही ती उतरवून उघडू शकतो.

पूर्ण प्लॅन घडी घातलेल्या विभागात ठेवा. कोडचा ठोकळा ‘डिफ’ प्रकारचा केला की लाल-हिरवे रंग मिळतात, पण त्यासाठी अधिक-उण्याची खूण ओळीच्या अगदी सुरुवातीला लागते आणि टेराफॉर्म तिच्याआधी मोकळी जागा सोडतं. ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीने खूण पुढे आणा आणि ‘~’च्या जागी ‘!’ टाका. मजकूर मर्यादेबाहेर जात असेल तर कापा, आणि कापला आहे असं ठळक लिहून जॉबच्या सारांशाचा दुवा द्या. तिथे प्रत्येक स्टेपला १ मेबीबाइट जागा मिळते. न सांगता कापलेला प्लॅन हा नसलेल्या प्लॅनपेक्षा वाईट.

प्रत्येक पुशला नवी टिप्पणी नको. टिप्पणीत अदृश्य एचटीएमएल खूण ठेवा, त्यात डिरेक्टरीचं नाव घाला आणि पुढच्या वेळी तीच शोधून बदला. प्लॅन त्रुटीने पडला तरी टिप्पणी बदलायलाच हवी, नाहीतर आधीच्या कमिटचा गोड प्लॅन तिथेच राहतो आणि तपासणारा तो वाचून मंजुरी देतो. गिटलॅबवर असाल तर यातलं थोडं काम तयार मिळतं. जेसन सारांश ‘टेराफॉर्म’ प्रकारचा रिपोर्ट म्हणून दिला की मर्ज रिक्वेस्टवर आकडे दिसतात.

पायरी ५: धोक्याच्या बदलांना वेगळी वाट

टिप्पणी वाचली जाईलच असं नाही, म्हणून मोजक्या नियमांना दात द्या. डेटाबेस, एस३ बकेट, केएमएस की (एन्क्रिप्शनची किल्ली), डीएनएस झोन यांपैकी कशावरही ‘डिलीट’ आलं तर तपासणी लाल करा. पुल रिक्वेस्टला ठरावीक लेबल लावलं तरच ती सुटावी, आणि ते लेबल लावण्याचा अधिकार कुणाला आहे हे स्क्रिप्टने तपासावं. हे जेसन वाचणाऱ्या ‘जेक्यू’ या आज्ञेच्या पाच-सात ओळींत होतं. नियम वाढले की कॉन्फटेस्ट हे तपासणीचं साधन आणि रेगो या त्याच्या नियमांच्या भाषेकडे वळा. आधीपासून तो डोलारा उभारायची गरज नाही. तयार सुरक्षा नियमांसाठी चेकॉव्ह, खर्चाच्या अंदाजासाठी इन्फ्राकॉस्ट आहे. दोन्ही एकदम सक्तीचे करू नका, आधी महिनाभर नुसते इशारे येऊ द्या.

याशिवाय महत्त्वाच्या रिसोर्सवर ‘प्रिव्हेंट_डिस्ट्रॉय’ लावा. मग प्लॅनच त्रुटी देऊन थांबतो. पण रिसोर्सचा सगळा ठोकळाच कोडमधून उडवला तर ही अटही त्याच्याबरोबर जाते, म्हणून जेसनवरचा नियम हवाच.

पायरी ६: डिरेक्टऱ्या अनेक असतील तर

ज्या डिरेक्टरीत बदल झाला तिचाच प्लॅन काढा. गिटच्या डिफमधून नावं काढून मॅट्रिक्सला (एकच जॉब प्रत्येक नावासाठी चालवणाऱ्या सोयीला) द्या. सामायिक मॉड्यूल बदललं तर ते वापरणाऱ्या सगळ्या डिरेक्टऱ्या धरा. तेवढं शोधणं जमत नसेल तर सरळ सगळ्याच चालवा.

बदललेल्या फाइल्स शोधायला तयार ॲक्शन घेण्याआधी एक घटना आठवा. ‘टीजे-ॲक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही याच कामाची लोकप्रिय ॲक्शन मार्च २०२५ मध्ये हल्लेखोरांच्या ताब्यात गेली. तिचे जुने आवृत्ती-टॅग दुष्ट कमिटकडे वळवले गेले आणि ती वापरणाऱ्यांची सीक्रेट्स जॉबच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. टॅगवर भरवसा ठेवणारे अडकले, पूर्ण कमिट हॅश लिहिणारे वाचले. क्लाउडच्या किल्ल्या हाताळणाऱ्या वर्कफ्लोत प्रत्येक बाहेरची ॲक्शन हॅशने बांधा. आणि ‘गिट डिफ’ला बाहेरची मदत लागते कशाला?

पायरी ७: मंजूर झालेलाच बदल लागू करा

सगळ्यात सोपी रचना अशी: पुल रिक्वेस्टवर प्लॅन, मर्जनंतर ‘ऑटो-अप्रूव्ह’ लावून अप्लाय. पण त्या अप्लायमध्ये एक नवा, कुणीही न वाचलेला प्लॅन दडलेला असतो. मंजुरी आणि मर्ज यांच्यामध्ये दुसरी पुल रिक्वेस्ट आत गेली असेल, कुणी कन्सोलवर (एडब्ल्यूएसच्या वेब पडद्यावर) हात घातला असेल, किंवा ‘नवीनतम इमेज’ शोधणाऱ्या डेटा सोर्सला आज नवी इमेज मिळाली असेल. वाचलं एक, झालं दुसरं.

मग पुल रिक्वेस्टवरचीच प्लॅन फाइल साठवून मर्जनंतर लागू केली तर? दरम्यान स्टेट बदललं असेल तर टेराफॉर्म प्लॅन शिळा झाल्याचं सांगून नकार देतं, ते चांगलंच. पण ही तपासणी स्टेटपुरतीच आहे. कन्सोलवर हाताने केलेला बदल स्टेटमध्ये आलेला नसतो, त्यामुळे तो या तपासणीत सापडत नाही. शिवाय गुपितांनी भरलेली फाइल दिवसेंदिवस कुठेतरी जपावी लागते, आणि ती ज्या जॉबने बनवली त्यावर मंजुरीआधीच्या कोडचा ताबा होता.

माझी पसंती तिसऱ्या रचनेला आहे. मर्जनंतर मुख्य ब्रांचवर, लॉक घेऊन, नवा प्लॅन काढा आणि तो पुल रिक्वेस्टवरच्या प्लॅनशी ताडून बघा. त्यासाठी दोन्ही वेळा एक ठसा काढा: जेसनमधल्या ‘नो-ऑप’ सोडून बाकी नोंदींचा पत्ता, ‘ॲक्शन्स’, ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ क्रमाने लावून त्यांचा शा-२५६ हॅश. ‘बिफोर’ घेतल्यामुळे त्या रिसोर्सवर कन्सोलमधून झालेला बदलही पकडला जातो. ठसा पुल रिक्वेस्टच्या टिप्पणीत असू द्या. ठसे जुळले तर त्याच जॉबमधली ताजी प्लॅन फाइल लगेच लागू करा. जुळले नाहीत तर जॉब थांबवा, नवा सारांश दाखवा आणि पुन्हा माणसाची मंजुरी घ्या. प्लॅन फाइल दिली की ‘अप्लाय’ काही विचारत नाही आणि त्या फाइलबाहेरचं काही करतही नाही.

मंजुरीसाठी गिटहबच्या एन्व्हायर्नमेंटवर ‘रिक्वायर्ड रिव्ह्यूअर्स’ लावा. खासगी रिपॉझिटरीत ही सोय एंटरप्राइझ योजनेतच मिळते. ती नसेल तर ठसा न जुळल्यावर जॉब सरळ पाडा आणि नवी पुल रिक्वेस्ट मागा. एन्व्हायर्नमेंट कुठल्या ब्रांचवरून वापरता येईल हेही मुख्य ब्रांचपुरतं बांधा. पायरी २ मधला लिहिण्याचा रोल याच बंधनावर उभा आहे. ब्रांच संरक्षणात ‘मर्जआधी ब्रांच अद्ययावत हवी’ ही अट लावली की ठसे न जुळण्याचे प्रसंग बरेच कमी होतात.

कॉन्करन्सीचे गट (एका गटात एका वेळी एकच जॉब चालतो) डिरेक्टरीनुसार करा. प्लॅनच्या गटात नवा पुश आला की जुना जॉब रद्द होऊ द्या. पुल रिक्वेस्टचा क्रमांकही त्या गटाच्या नावात हवा, नाहीतर शेजाऱ्याचा प्लॅन रद्द होईल. अप्लायच्या गटात रद्द करणं कटाक्षाने बंद ठेवा, अर्ध्यावर तोडलेलं अप्लाय निस्तरायला फार वेळ जातो.

अटलांटिस हे साधन वेगळ्या क्रमाने जातं. प्लॅन काढताच ती डिरेक्टरी इतर पुल रिक्वेस्टसाठी बंद करतं, मंजुरीनंतर मर्ज होण्याआधीच तोच प्लॅन लागू करतं आणि मग मर्ज. ‘तोच प्लॅन’ हा हट्ट तिथे सहज पुरा होतो, पण लिहिण्याच्या परवानग्या असलेला एक सर्व्हर कायम सांभाळावा लागतो. ज्यांच्याकडे तशी माणसं आहेत त्यांनी जरूर विचार करावा.

पायरी ८: रोजची फेरी

रात्री मुख्य ब्रांचवर प्रत्येक डिरेक्टरीचा प्लॅन चालवा. एक्झिट कोड २ आला तर इश्यू उघडा, आधीचा उघडा असेल तर त्यातच भर घाला. वाचण्याच्या रोलने ब्रांचचा रेफ मान्य करावा असं वर म्हटलं ते यासाठीच. कन्सोलवरचा हात सकाळीच कळला की दुसऱ्या दिवशीच्या पुल रिक्वेस्टमध्ये दुसऱ्याची घाण दिसत नाही.

प्लॅनला काय कळत नाही

हिरवा प्लॅन म्हणजे यशस्वी अप्लाय असं समजू नका. एस३ बकेटचं नाव जगात दुसऱ्या कुणी घेतलंय, खात्याचा कोटा संपलाय, लिहिण्याच्या रोलला एखादी परवानगी कमी आहे, हे अप्लायच्या वेळीच उघड होतं. ‘नोन आफ्टर अप्लाय’ लिहिलेल्या ओळी जितक्या जास्त, तितका तो प्लॅन मोघम. सारांशात अशा रिसोर्सची संख्या वेगळी दाखवली तर तपासणारा सावध राहतो.

सुरू करण्याआधीची चाचणी

एक चाचणीची डिरेक्टरी घ्या आणि तिच्यावर मुद्दाम वाकड्या पुल रिक्वेस्ट उघडा. पहिलीत वाक्यरचनेची चूक करा. जॉब लाल व्हायला हवा आणि टिप्पणीत त्रुटी दिसायला हवी, आधीचा प्लॅन नव्हे. दुसरीत चाचणीच्या बकेटचं नाव बदला. नावातला बदल पुन्हा उभारणी घडवतो, म्हणून पायरी ५ चा नियम लागला पाहिजे. तिसरीत वर्कफ्लो बदलून लिहिण्याचा रोल मागा, एडब्ल्यूएसने नकार द्यायला हवा. चौथी नीट मंजूर करून घ्या, आणि ती मर्ज होण्याआधी ज्या रिसोर्सला ती हात लावते त्याचा एखादा टॅग कन्सोलवरून बदला. मर्जनंतरचा जॉब ठसा जुळत नाही म्हणून थांबला, तरच प्रॉडक्शनच्या डिरेक्टऱ्या या पाइपलाइनवर आणा.